कार्पल टनेल सिंड्रोम: पट्टा, इंजेक्शन की ऑपरेशन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री हात बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. हे कार्पल टनेलच आहे का?

बहुतेक वेळा तेच असतं, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात (कार्पल टनेल) हाताची नस दबणं. पहाटे दोन-तीनला मुंग्यांनी जाग येणं, हात पलंगाखाली सोडून झटकणं, पाच मिनिटांनी पुन्हा झोप लागणं, हे या दुखण्याचं अगदी ठरलेलं रूप आहे. दिवसा दुचाकी चालवताना, फोन कानाला धरल्यावर, पेपर वाचताना किंवा पोळ्या लाटताना हात 'झोपतो'. शर्टाचं बटण लावताना किंवा सुईत दोरा ओवताना बोटं साथ देत नाहीत आणि हातातून कप निसटतो.

बोटं नीट तपासा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू एवढा भाग मध्यवर्ती नसेच्या, म्हणजे मीडियन नर्व्हच्या ताब्यात असतो. करंगळी त्यात येत नाही. रात्री जाग आली की दुसऱ्या हाताने करंगळी चाचपून पाहा. बाकीची बोटं बधिर असताना करंगळी शाबूत असेल तर रोख मनगटाकडे जातो. करंगळीच मुख्यतः बधिर असेल तर नस दुसरी आहे आणि ती बहुधा कोपरात दबली आहे.

मनगटात नेमकं काय दबतं?

तळहाताच्या मुळाशी मनगटाच्या छोट्या हाडांची एक पन्हळ असते आणि तिच्यावर एक जाड, चिवट पट्टी ताणून बसवलेली असते. या बोगद्यातून बोटं आणि अंगठा वाकवणाऱ्या ९ कंडरा आणि एक नस जाते. कंडरांभोवतीचं आवरण थोडं जरी सुजलं तरी जागा कमी पडते. हाडं हलत नाहीत, पट्टी ताणली जात नाही, मग दबते ती सगळ्यांत मऊ असलेली नस.

निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना बोगद्यातला दाब पाऱ्याच्या २-३ मिलिमीटरएवढा असतो. या रुग्णांमध्ये तो ३० च्या आसपास आढळतो, आणि मनगट पूर्ण वाकवलं किंवा मागे ताणलं की ९० च्याही वर जातो. झोपेत आपण मनगट दुमडून गालाखाली घेतो आणि तासन्‌तास तसेच पडून राहतो. रात्रीच त्रास का होतो आणि मनगट सरळ धरणाऱ्या पट्ट्याने आराम का पडतो, या दोन्हींचं उत्तर या आकड्यांत आहे.

मला का झालं? कॉम्प्युटरमुळे का?

पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतं, तेही मुख्यतः चाळिशी ते साठीच्या दरम्यान. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, संधिवात, जास्त वजन, गरोदरपण, डायलिसिस आणि मनगटाचं जुनं फ्रॅक्चर ही ठळक कारणं. कामाचं म्हणाल तर जोर लावून तेच तेच काम करणं (हाताने धारा काढणं, दाबून घट्ट पकडावी लागणारी अवजारं) आणि थरथरणारी यंत्रं, म्हणजे ड्रिल, ग्राइंडर, ब्रेकर, यांचा संबंध पक्का आहे. कीबोर्डचा पुरावा त्या मानाने कच्चा आहे. टायपिंगमुळे असलेला त्रास जाणवायला लागतो, पण फक्त कीबोर्ड बदलून तो बरा होईल या आशेवर वर्ष घालवू नका.

बांगड्या घट्ट असल्याने हे होत नाही. मात्र हात सुजत असेल तर बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवलेल्या बऱ्या.

मानेतून येतंय की मनगटातून, हे कसं ओळखायचं?

मानेतली नस दबली असेल तर दुखणं मानेतून खांद्याकडे आणि दंडातून खाली उतरतं, मान वळवली की वाढतं आणि हात झटकून फरक पडत नाही. मनगटाचं दुखणंही कधी कधी कोपरापर्यंत, अगदी खांद्यापर्यंत वर चढतं. त्यामुळे नुसत्या दुखण्याच्या जागेवर जाऊ नका, बधिरपणा कुठे आहे ते पाहा.

डॉक्टर तीन साध्या तपासण्या करतात. पहिली म्हणजे मनगटं पूर्ण वाकवून ६० सेकंद धरायची. दुसरी म्हणजे तळहाताच्या मुळाशी अंगठ्याने ३० सेकंद दाबून धरायचं. तिसरी म्हणजे नसेवर टिचकी मारायची. यांतल्या कशानेही त्या साडेतीन बोटांत मुंग्या आल्या तर निदानाला बळ मिळतं. काहींना मान आणि मनगट दोन्हीकडे त्रास असतो. साठीच्या माणसाच्या मानेच्या एमआरआयमध्ये झीज दिसतेच. तेवढ्यावरून मनगट तपासायचं राहून जातं आणि वर्षभर मानेचा पट्टा लावून काहीच साधत नाही, असं फार वेळा घडतं.

एनसीव्ही टेस्ट (नसेतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) करायलाच हवी का? दुखते का?

लक्षणं स्पष्ट असतील आणि फक्त रात्रीचा पट्टा लावायचा असेल तर लगेच गरज नाही. ऑपरेशनचा विचार असेल, निदानाबद्दल शंका असेल किंवा मधुमेह असेल तर करावी. विजेचे छोटे झटके बसतात, ते चमकल्यासारखे लागतात, पण सहन होतात. ईएमजीत, म्हणजे स्नायूच्या तपासणीत, सुई स्नायूत घालतात, ती थोडी टोचते.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. हात थंड असेल तर नसेचा वेग कमी दिसतो. एसी खोलीत अर्धा तास बसून गार पडलेल्या हाताची टेस्ट झाली तर निकाल उगाच वाईट येऊ शकतो. हात गार वाटत असेल तर टेक्निशियनला तसं सांगा आणि आधी हात गरम करून घ्या. उलट, लक्षणं असूनही काही जणांचा रिपोर्ट नॉर्मल येतो. तेवढ्याने निदान खोटं ठरत नाही. सोनोग्राफीत नस बोगद्याच्या तोंडाशी सुजलेली दिसते, आणि बोगद्यात गाठ वगैरे असेल तर तीही कळते.

सोबत एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची साखर) आणि टीएसएच (थायरॉइड) या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. कमी असलेलं थायरॉइड पहिल्यांदा हाताच्या मुंग्यांमुळेच सापडलं, अशी माणसं दर बाह्यरुग्ण विभागात भेटतात.

आधी खूप दुखायचं, मुंग्या यायच्या. आता दुखत नाही, फक्त बोटं बधिर असतात. म्हणजे सुधारणा आहे ना?

नाही. कृपा करून हे उत्तर दोनदा वाचा.

मुंग्या येणं म्हणजे नस तक्रार करते आहे, अजून जिवंत आहे. मुंग्या थांबून कायमचा बधिरपणा आला म्हणजे संवेदनेचे तंतू मरायला लागले आहेत. त्यापुढची पायरी स्नायूंची. दोन्ही तळहात उजेडात शेजारी शेजारी धरा आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा पाहा. एका हातावर तो सपाट झाला असेल किंवा खळगा पडला असेल तर स्नायू सुकतो आहे. मग अंगठा तळहातापासून सरळ वर, छताच्या दिशेने उचलून दुसऱ्या हाताच्या बोटाने खाली दाबून पाहा. लगेच खाली गेला तर जोर गेला आहे.

या टप्प्यावर पट्टा आणि इंजेक्शन यांत वेळ घालवायचा नसतो, थेट ऑपरेशनचं बोलायचं असतं. सुकलेला स्नायू ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईलच असं नाही. 'दुखणं गेलं' म्हणून डॉक्टरकडे जाणं थांबवलेली माणसं दोन वर्षांनी बटण लावता येत नाही म्हणून परत येतात. इतक्या बऱ्या होणाऱ्या दुखण्यात हे नुकसान टाळण्यासारखं असतं, म्हणून आम्ही ते पुन्हा पुन्हा सांगतो.

पट्टा कोणता घ्यावा आणि किती दिवस लावावा?

मनगट सरळ धरणारा पट्टा घ्या. तळहाताच्या बाजूला धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी असते, ती मनगट हलू देत नाही. नुसता ताणणारा क्रेप बँडेजसारखा पट्टा किंवा अंगठा अडकवायचा इलास्टिक पट्टा इथे कामाचा नाही.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांत एक खोट असते. आतली धातूची पट्टी मनगट २०-३० अंश मागे ताणलेलं राहील अशी वाकवलेली असते. मोडलेल्या मनगटाला ते चालतं, दबलेल्या नसेला नाही. वेल्क्रोच्या खिशातून ती पट्टी बाहेर ओढा, टेबलाच्या कडेवर ठेवून हाताने हळूहळू दाबून सरळ करा आणि परत घाला. आता पट्टा बांधून हात टेबलावर आडवा ठेवा. हाताची पाठ आणि पुढचा हात एका रेषेत दिसायला हवेत.

पट्टा तळहातावर बोटांच्या मुळांपर्यंत नको. बोटांची मूठ पूर्ण वळता आली पाहिजे. वेल्क्रोखाली एक बोट सहज जाईल इतपतच आवळा.

रोज रात्री, किमान ६ आठवडे. मधल्या काळात बरं वाटलं तरी सोडू नका. चांगला फरक असेल तर १२ आठवड्यांपर्यंत चालू ठेवा. दिवसभर लावायची गरज नाही. दिवसभर लावला तर मनगट आखडतं आणि हाताचा जोर कमी होतो. दुचाकीच्या लांब प्रवासासारख्या नेमक्या त्रासाच्या कामापुरता लावलात तर हरकत नाही.

दोन महिने पट्टा लावला, काही फरक नाही. काय चुकलं असेल?

बहुतेकदा या तीनांपैकी एक: धातूची पट्टी वाकडीच राहिली, झोपेत पट्टा काढून टाकला गेला, किंवा आजार आधीच पट्ट्याच्या पलीकडे गेलेला आहे. पहिल्या दोन गोष्टी दुरुस्त करून आणखी ३-४ आठवडे द्या. बधिरपणा कायमचा असेल तर थांबू नका.

गोळ्या, बी१२, बी६, मालिश, शेक, फिजिओथेरपी यांचा उपयोग?

वेदनाशामक गोळ्या दबलेल्या नसेचं काही करत नाहीत. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या या आजारात औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलेल्या नाहीत. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र होतो.

बी१२ ची कमतरता रक्तात दिसली असेल तर ती भरून काढा, ती वेगळी गोष्ट. बी६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर उलट नसाच बिघडतात आणि हातापायांना मुंग्या येतात. 'नसांच्या ताकदीच्या' गोळ्यांच्या पाकिटावर पायरिडॉक्सिनचा, म्हणजे बी६चा, आकडा वाचा. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतून तेच जीवनसत्त्व दुप्पट चालू असतं.

तोंडाने स्टेरॉइडचा छोटा कोर्स काही आठवडे आराम देतो, पण इंजेक्शन त्याहून चांगलं काम करतं. नस आणि कंडरा सरकवण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून पट्ट्यासोबत केले तर सौम्य त्रासात थोडी मदत होते. तेलाचं मालिश करायला हरकत नाही, पण तळहाताच्या मुळाशी अंगठा रुतवून जोरात रगडू नका. तिथेच नस आहे. आणि बधिर हाताला गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेलं फडकं लावू नका. भाजलेलं कळत नाही आणि सकाळी फोड दिसतात.

इंजेक्शन कशाचं असतं? किती दिवस टिकतं?

स्टेरॉइडचं, बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायअ‍ॅमसिनोलोन. डोस साधारण २० ते ८० मिलिग्रॅमच्या दरम्यान. मनगटाच्या घडीजवळून सुई बोगद्यात सरकवतात, सोनोग्राफी लावून केलं तर नस समोर दिसते. सुई जाताना बोटांत विजेचा झटका बसल्यासारखं वाटलं तर लगेच बोला. सुई नसेला लागते आहे, डॉक्टर ती मागे घेतील. संकोच करून गप्प बसायची ही वेळ नाही.

पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, आराम आठवड्याभरात येतो. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत २० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन आणि ६ आठवडे रात्रीचा पट्टा यांची तुलना झाली. ६ आठवड्यांनंतर इंजेक्शन सरस ठरलं. पण स्वीडनच्या २०१३ च्या अभ्यासाचाही विचार करा. ८० मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी ७३ टक्के, ४० मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी ८१ टक्के आणि औषध नसलेलं नुसतं खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्के रुग्णांचं वर्षभरात ऑपरेशन झालं. म्हणजे इंजेक्शन वेळ मिळवून देतं, पण बहुतेकांना बरं करत नाही. ही वेळ लग्नसराई, परीक्षा, सुगी किंवा बाळंतपण उरकायला वापरायची असेल तर इंजेक्शन अगदी योग्य आहे.

इंजेक्शनने उत्तम आराम पडून त्रास परत आला, तर तेही उपयोगी आहे. निदान बरोबर होतं आणि ऑपरेशननेही आराम पडेल, हे त्यातून कळतं. एकच मनगट वर्षात दोन-तीनदा टोचत राहणं मात्र चुकीचं. कातडी पांढरी पडते, खालची चरबी विरघळून खळगा होतो आणि कंडरा कमकुवत होतात. पीआरपीच्या (स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सच्या) इंजेक्शनांना दीर्घकाळच्या फायद्याचा आधार मिळालेला नाही. त्यांवर पैसे खर्च करू नका असंच आम्ही सांगू.

मधुमेह आहे. इंजेक्शन किंवा ऑपरेशन चालेल का?

दोन्ही चालतं. स्टेरॉइडनंतर पुढचे काही दिवस साखर चढते, कधी आठवडाभर. घरी ग्लुकोमीटर असेल तर रोज उपाशी आणि जेवणानंतर मोजा. इन्सुलिनवाल्यांनी डोसबद्दल आधीच विचारून ठेवावं. ऑपरेशनला साखर ताब्यात असलेली बरी, कारण बिघडलेल्या साखरेत जखम भरायला वेळ लागतो आणि पू होण्याची भीती वाढते. मधुमेहाने पायांच्या नसाही बिघडल्या असतील तर ऑपरेशननंतरचा फरक थोडा कमी आणि सावकाश असतो, पण असतो.

गरोदर आहे, सातवा महिना. काय करू?

रात्रीचा पट्टा, हाताखाली उशी आणि धीर. शरीरात पाणी साठून बोगद्यात दाटी होते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते बहुतेकांना कमी होतं, काहींना अंगावर पाजण्याच्या काळात रेंगाळतं. फार असह्य झालं तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संमतीने इंजेक्शन देता येतं. ऑपरेशनची वेळ क्वचितच येते. बाळाला अंगावर पाजताना मनगट दुमडून त्याचं डोकं तोलू नका. हात उशीवर टेकवा आणि भार पुढच्या हातावर घ्या.

ऑपरेशन नक्की कधी करायचं?

कायम बधिरपणा, अंगठ्याचा जोर गेलेला, स्नायू सुकलेला, किंवा एनसीव्हीमध्ये तीव्र बिघाड, यांपैकी काही असेल तर उशीर न करता. बाकीच्यांना, ६ ते १२ आठवडे पट्टा नीट लावूनही (हवं तर एक इंजेक्शन घेऊनही) झोप मोडतच असेल तर. नेदरलँड्समध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८ महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ९० टक्के आणि पट्ट्यावर ठेवलेल्यांपैकी ७५ टक्के समाधानकारक बरे होते, आणि पट्टेवाल्या गटातल्या बऱ्याच जणांनी मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलं होतं.

मनगट नुकतंच मोडलं किंवा निखळलं असेल आणि काही तासांत बोटं बधिर होत चालली असतील तर ती आणीबाणी आहे. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

बोगद्याचं छप्पर, म्हणजे ती पट्टी, लांबीत पूर्ण कापतात. नसेला हात लावावा लागत नाही.

उघड्या पद्धतीत तळहाताच्या मुळाशी, अनामिकेच्या रेषेत २ ते ४ सेंटिमीटरचा छेद असतो. कातडी, चरबी आणि तळहाताचा पडदा ओलांडला की पांढरी चमकती पट्टी दिसते. ती करंगळीकडच्या बाजूने कापत जातात, कारण अंगठ्याच्या स्नायूला जाणारी नसेची बारीक फांदी दुसऱ्या बाजूला असते आणि तिची वाट माणसागणिक बदलते. बोटांच्या दिशेने पिवळी चरबी दिसेपर्यंत कापतात, त्या चरबीत रक्तवाहिन्यांची कमान असते, तिथे थांबायचं. मग मनगटाच्या वरच्या बाजूचा पडदाही थोडा मोकळा करतात. या दोन टोकांपैकी एखादं टोक अर्धवट राहणं हे 'ऑपरेशन करूनही फरक नाही' याचं सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. मग ३ ते ५ टाके. एकूण १५-२० मिनिटं.

दुर्बिणीने केलेलं चांगलं का?

छेद मनगटाच्या घडीत छोटासा, किंवा दोन छोटे. पहिल्या काही आठवड्यांत दुखणं कमी आणि कामावर परतणं थोडं लवकर. सहा महिन्यांनी दोन्ही पद्धतींत फरक उरत नाही. दुर्बिणीत नसेला तात्पुरती इजा होण्याचं प्रमाण किंचित जास्त आढळतं आणि खर्चही जास्त असतो. पद्धतीपेक्षा सर्जनचा हात महत्त्वाचा. 'तुम्ही नेहमी कोणती पद्धत वापरता?' असं विचारा आणि ते जी रोज करतात तीच करून घ्या. पूर्वी त्याच मनगटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर उघडीच.

पूर्ण भूल द्यावी लागते का?

सहसा नाही. आता बरेच हाताचे सर्जन फक्त जागेवर भूल देतात. लिग्नोकेन या भुलीच्या औषधात अ‍ॅड्रिनलिन मिसळतात, थोडा सोडाबायकार्ब घालतात म्हणजे टोचताना आग होत नाही, आणि २५-३० मिनिटं थांबतात. तेवढ्यात कातडी पांढरी पडते, रक्त फारसं येत नाही आणि दंडावर आवळपट्टा लावावा लागत नाही. आवळपट्टा दहा मिनिटांनंतर खुद्द ऑपरेशनपेक्षा जास्त दुखतो, म्हणून हा बदल रुग्णाच्या फायद्याचा आहे. या पद्धतीत उपाशी राहायची गरज सहसा पडत नाही, पण तुमच्या हॉस्पिटलची सूचना पाळा.

पट्टी कापल्यावर मनगट सैल होणार नाही?

नाही. कापलेल्या कडा थोड्या दूर जातात आणि मधली जागा नव्या ऊतींनी भरते. पट्टी पुन्हा जुळते, फक्त रुंद होऊन. बोगदा सुमारे पाव भागाने मोठा होतो. पकड पहिले काही आठवडे कमी होते आणि साधारण तीन महिन्यांत पूर्वपदाला येते.

आधी काय तयारी करू?

अंगठ्या आणि बांगड्या घरीच काढून या. घट्ट अंगठी साबणाने निघत नसेल तर आदल्या दिवशी सोनाराकडून कापून घ्या. नखांचं पॉलिश काढा. त्या हातावर मेंदी काढू नका, कातडीचा रंग पाहता येत नाही. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन ही रक्त पातळ करणारी औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. या छोट्या ऑपरेशनला बहुतेकदा ती बंद करावी लागत नाहीत, आणि हृदयात स्टेंट असेल तर बंद करणं धोक्याचं ठरतं. हातावर पुरळ, जखम किंवा नखाशेजारी पू असेल तर तारीख पुढे ढकला.

दोन्ही हातांना असेल तर बहुतेकांनी एकेक करावं. मध्ये ४-६ आठवडे ठेवा. दोन्ही एकदम केले तर पहिला आठवडा संडासात आणि जेवणात दुसऱ्याची मदत लागते. ती तयारी असेल तर तेही करता येतं. ज्या हाताचा त्रास जास्त आहे, तो आधी.

ऑपरेशननंतर दिवसांचा हिशेब कसा असतो?

पहिले तीन दिवस हात छातीच्या वर ठेवा. बसताना दोन उश्यांवर आणि चालताना दुसऱ्या खांद्याकडे टेकवून. गळ्यातली झोळी हात खाली लोंबकळत ठेवते, तिचा मोह टाळा. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. जागे असाल तेव्हा दर तासाला दहा वेळा पूर्ण मूठ आणि पूर्ण उघडा पंजा. हे न केल्याने आखडलेली बोटं सोडवायला नंतर महिना जातो.

जागेवरची भूल ४-६ तासांत उतरते. ती पूर्ण उतरण्याआधीच पॅरासिटामॉल घ्या. रात्रीच्या मुंग्या कित्येकांना पहिल्याच रात्री थांबलेल्या असतात. जखमेवरचं बँडेज कोरडं ठेवा, आंघोळीला हातावर प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंडाशी बांधा. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, जखम पूर्ण मिटलेली असेल तर व्रणावर खोबरेल लावून अंगठ्याने गोल गोल दाबून मालिश सुरू करा. ५ मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा.

चहाचा कप पहिल्याच आठवड्यात उचलता येतो. पाण्याची भरलेली कळशी, कणीक मळणं, कपडे पिळणं, नारळ फोडणं ४ ते ६ आठवड्यांनी. तळहातावर पूर्ण भार देणारी कामं, जसं की सूर्यनमस्कार, दंड, जमिनीवरून हाताचा आधार घेऊन उठणं, त्यांना ८ ते १२ आठवडे द्या.

टेबलावरचं काम १ ते २ आठवड्यांत सुरू करता येतं. मजुरी, गवंडीकाम, ड्रायव्हिंग ४ ते ६ आठवड्यांनी. दुचाकी तेव्हाच, जेव्हा अचानक ब्रेक आणि क्लच कचकन दाबून दुखत नाही. उभ्या गाडीवर आधी दाबून पाहा.

कधी ताबडतोब हॉस्पिटलला फोन करू?

दुखणं गोळीने कमी न होता वाढतच गेलं, बोटं निळी किंवा पांढरी पडली, ऑपरेशनच्या आधी नव्हता असा बधिरपणा भूल उतरल्यावरही राहिला, जखमेतून पू आला, ताप आला किंवा लाली मनगटाच्या वर सरकली तर. बँडेज फार घट्ट वाटत असेल तर त्याचा वरचा थर कापून सैल करा आणि मग फोन करा.

दीड महिना झाला, तळहाताच्या दोन्ही बाजूंना खोलवर दुखतं. काही बिघडलं का?

बहुधा नाही. कापलेली पट्टी जिथे हाडांना बांधलेली होती त्या दोन खांबांपाशी हे दुखतं, विशेषतः टेबलाच्या कडेवर हात टेकल्यावर. बहुतेकांचं ३ महिन्यांत आणि काहींचं ६ महिन्यांत जातं. मालिश चालू ठेवा, कडेवर भार टाळा. हात गरम, घामट, सुजलेला, लालसर आणि स्पर्शही सहन न होणारा असेल तर तो वेगळा आजार असू शकतो. लवकर दाखवा, त्यात आठवड्यांनी फरक पडतो.

बधिरपणा गेला नाही. ऑपरेशन फसलं का?

नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १५-१८ सेंटिमीटर अंतर आहे, त्यावरून हिशेब करा. मुंग्या आठवड्यांत जातात, जुना बधिरपणा ६ ते १२ महिने घेतो, सुकलेला स्नायू त्याहून जास्त, आणि कधी कधी तो परत येतच नाही. पण रात्रीच्या मुंग्या एक दिवसही थांबल्या नसतील, तर पट्टी अर्धवट कापली गेली आहे किंवा निदानच दुसरं आहे. तीन महिन्यांनी पुन्हा एनसीव्ही करून जुन्या रिपोर्टशी ताडून पाहा. म्हणून पहिला रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा. काही महिने पूर्ण बरं वाटून मग पुन्हा त्रास झाला तर तो परतलेला आजार, आणि तो फार कमी जणांना होतो.

विमा मिळतो का?

हे ऑपरेशन डे-केअरचं आहे, संध्याकाळी घरी सोडतात. २४ तास भरती नसल्यामुळे दावा अडू नये म्हणून पॉलिसीत डे-केअर शस्त्रक्रिया समाविष्ट आहेत का आणि प्रतीक्षा कालावधी संपला आहे का, हे आधी लेखी विचारा. बाह्यरुग्ण विभागात झालेली एनसीव्ही बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये गेलात तर तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून तारीख ठरण्याआधीच मंजुरीचं विचारा.

बधिर बोटांनी स्वयंपाक करते. काय जपू?

पोळी तव्यावर हाताने उलटू नका, चिमटा वापरा. कुकरची शिट्टी आणि कढईचा कान फडक्यानेच धरा. पाण्याचा गरमपणा बोटांनी नाही, कोपराने तपासा. चिरताना सुरीचा हात चांगला ठेवा आणि बधिर बोटं भाजीवर आत वळवून धरा. रात्री झोपण्याआधी उजेडात बोटांची टोकं रोज एकदा पाहा. तिथे फोड किंवा काप दिसला आणि तो कधी झाला ते आठवत नसेल, तर पट्ट्याचे सहा आठवडे मोजत बसू नका, त्याच आठवड्यात हाताच्या सर्जनला दाखवा.